गडाखालची पेठ : नाशिक रोडहून एका दिवसाच्या दुर्गवाटा

शनिवार-रविवारची पहाट झाली, की नाशिक रोड रेल्वे स्थानकाच्या बाहेर पाठीवर पिशव्या अडकवलेल्या तरुणांचे घोळके दिसू लागतात. यांतील पुष्कळांची वाट ठरलेली असते. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या चढायच्या, तेथे छायाचित्र काढायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे. नाशिक जिल्ह्यात लहान-मोठे मिळून साठांहून अधिक किल्ले असल्याचे सांगितले जाते. त्यांतील एका गडाच्या पायऱ्यांवर सुटीच्या दिवशी पाऊल ठेवायला जागा उरत नाही आणि उरलेल्या बहुतेक गडांवर गुराख्यांवाचून कोणी फिरकत नाही. गर्दीने एक गड झिजतो, तर बाकीचे गड विस्मरणाने ढासळत जातात.

ही विषमता कमी होण्याचा एक सोपा मार्ग आहे. गड पाहताना त्याच्या पायथ्याचे किंवा परिसरातील जुने गावही त्याच दिवशी पाहावे. गड तेथे का बांधला गेला, याचे उत्तर बहुधा त्या गावातच सापडते. शिवाय सकाळी गड आणि दुपारी पेठ असा कार्यक्रम एका दिवसात आरामात बसतो. नाशिक रोडहून पुण्याचा रस्ता आणि मुंबई-मनमाड लोहमार्ग हे दोन्ही हाताशी आहेत. त्र्यंबक, पेठ व आग्रा हे रस्ते शहर ओलांडले की लागतात.

गड कोणाची राखण करीत होते?

सह्याद्रीच्या पश्चिमेस समुद्रकिनाऱ्यावरील बंदरे आणि पूर्वेस दख्खनच्या बाजारपेठा, या दोहोंना जोडणाऱ्या घाटवाटा नाशिकच्या परिसरातून जात. व्यापार येथे किती जुना, याची साक्ष पांडवलेण्यांतील शिलालेख देतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजाचा दरही त्या लेखात कोरलेला आहे. विणकरांचे संघ पेढीचे काम करीत होते, म्हणजेच बाजार भरभराटीस आलेला होता. जेथे मालाचे तांडे जातात तेथे जकात येते, आणि जकात आली की तिच्या रक्षणासाठी टेहळणीची जागा लागते. नाशिकचे अनेक गड या गरजेतून उभे राहिले. त्यामुळे माथ्यावर पोहोचल्यावर प्रथम खालचा रस्ता शोधावा. तो सापडला, की गडाचे प्रयोजन बरेचसे उलगडते.

सिन्नर आणि पट्टा

नाशिक रोडकरांना सर्वांत सोयीची वाट सिन्नरची. पुणे रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर गेले, की यादवांच्या जुन्या राजधानीत प्रवेश होतो. सेउणचंद्र या यादव राजाने वसविलेले सेउणपूर म्हणजेच आजचे सिन्नर, असे अभ्यासक मानतात. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या भिल्लमाने राजधानी देवगिरीस नेली आणि सिन्नरचे राजकीय महत्त्व ओसरले. मागे उरले ते गोंदेश्वराचे मंदिर. काळ्या पाषाणातील हे भूमिज शैलीचे शिवपंचायतन आहे. मधोमध शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, सूर्य व पार्वती यांची लहान देवालये, अशी त्याची मांडणी. प्रशस्त जोत्यावर एकदा शांतपणे प्रदक्षिणा घातली, तर शिखरावर रांगेने चढत गेलेल्या छोट्या शिखरांच्या प्रतिकृती नीट दिसतात. भूमिज शैलीची हीच ओळख होय. गावातच ऐश्वर्येश्वराचे आणखी एक जुने मंदिर आहे, पण तिकडे फारसे कोणी वळत नाही.

सिन्नरहून ठाणगावमार्गे पश्चिमेस गेल्यावर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर पट्टा किल्ला उभा आहे. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीहून परतताना मोगली फौज पाठीवर असताना छत्रपती शिवाजी महाराज या गडावर येऊन विसावले. बहिर्जी नाईक यांनी आडवाटांनी सैन्याला सुखरूप आणल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तेव्हापासून हा गड विश्रामगड म्हणून ओळखला जातो. माथ्याचा विस्तार मोठा, चढ सोपा आणि पाण्याची टाकी भरपूर, त्यामुळे मुलाबाळांसह जाण्यास हा गड उत्तम. त्र्यंबक दरवाजा, अंबरखान्याची इमारत आणि कातळात खोदलेली टाक्यांची रांग पाहिली, की थकलेल्या फौजेला हीच जागा का सोयीची वाटली असेल ते समजते. फौजेला लागणारे पाणी, धान्य साठविण्याची जागा आणि दूरवरची नजर, तिन्ही गोष्टी येथे आहेत.

अंकाई-टंकाई आणि येवला

ज्यांना रेल्वेने जायचे आहे त्यांनी मनमाडची वाट धरावी. नाशिक रोड ते मनमाड हे अंतर लोहमार्गाने त्र्याहत्तर किलोमीटर आहे. मनमाडहून येवल्याकडे निघाल्यावर एकमेकांना खेटून उभे असलेले दोन डोंगर लक्ष वेधून घेतात. ते अंकाई आणि टंकाई. जवळच ‘हडबीची शेंडी’ हा अंगठ्याच्या आकाराचा सुळका आहे. गाडीच्या खिडकीतून तो पाहिला नाही असा मनमाडचा प्रवासी विरळा.

दोन डोंगरांमधील खिंड हीच या किल्ल्याची किल्ली आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी थेव्हेनो याच्या वृत्तान्तात सुरत ते औरंगाबाद या वाटेवरील टप्पा म्हणून अंकाईचा उल्लेख येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात मनमाडहून दौंडकडे लोहमार्ग टाकला गेला, तोही याच डोंगरांच्या कुशीतून. बैलांच्या तांड्यांना जी वाट सोयीची होती, तीच रेल्वेलाही सोयीची ठरली. १६३५ मध्ये शाहजहानच्या सेनेने हा किल्ला घेतला आणि एप्रिल १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या इंग्रज तुकडीपुढे तो न लढता खाली झाला.

टंकाईच्या पोटात जैन लेणी आहेत. त्यांच्या द्वारशाखांवरील व स्तंभांवरील बारीक कोरीव काम डोळे भरून पाहण्याजोगे आहे. अंकाईच्या वाटेवर ब्राह्मणी लेणी लागतात आणि माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान व मोठा तलाव आहे. एकाच खिंडीभोवती दोन धर्मपरंपरांची लेणी खोदली गेली. त्यांना आश्रय देणारे धनिक या वाटेने ये-जा करीत होते, असे मानण्यास त्यामुळे जागा राहते.

गड उतरून येवल्यास गेले, की त्या व्यापाराचा जिवंत अवशेष पाहावयास मिळतो. येवल्याच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या लहान कांडीवर घेऊन तो शेजारच्या धाग्यात गुंफला जातो, हे त्याचे कारण. अशा विणकामाला दिवसाकाठी थोडीच लांबी गाठता येते आणि भरजरी पदराच्या साडीला काही महिनेही लागतात. हातमागाच्या घरात तासभर बसून हे पाहिले, की पैठणीच्या किमतीविषयी घासाघीस करण्याची इच्छा राहत नाही. येवल्याचे आणखी एक महत्त्व आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा येथेच केली. ते स्थळ आज मुक्तिभूमी म्हणून ओळखले जाते. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचा जन्मही येवल्याचाच.

त्र्यंबकच्या रस्त्यावर

त्र्यंबककडे जाणारी बहुतेक वाहने अंजनेरी गावाला वळसा घालून पुढे निघून जातात. या गावात शिरले, तर यादवकालीन हिंदू व जैन मंदिरांचे अवशेष विखुरलेले दिसतात. त्यांतील एका जैन मंदिरात शके १०६३ चा संस्कृत लेख असून काही दुकानांचे उत्पन्न मंदिरास दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्याहून चार शतके आधीचे, आठव्या शतकातील राजा भोगशक्तीचे ताम्रपटही अंजनेरीस सापडले. एका उजाड झालेल्या नगराची पुन्हा वसाहत करताना व्यापाऱ्यांना दिलेल्या सवलती त्यांपैकी एकात नोंदविल्या आहेत. आज शेते आणि पडकी देवळे दिसतात, तेथे एके काळी दुकानांच्या रांगा होत्या. गावाजवळच नाणकशास्त्राची संशोधन संस्था व संग्रहालय आहे. नाण्यांतून इतिहास कसा वाचतात, हे मुलांना तेथे दाखविता येते.

अंजनेरीचे पठार वनस्पतींसाठीही नावाजलेले आहे. सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती याच डोंगराच्या नावाने ओळखली जाते. पावसाळ्यात पठारावरून चालताना मळलेली पायवाट सोडू नये, ती एवढ्यासाठी.

हरिहर उर्फ हर्षगड त्र्यंबकच्या पुढे आहे. हर्षेवाडी किंवा निरगुडपाडा या गावांतून त्याची वाट निघते. कोकणातून गोंदा घाटाने नाशिककडे येणाऱ्या मार्गावर नजर ठेवणे हे त्याचे काम. निजामशाही वाचविण्यासाठी शहाजीराजांनी केलेला प्रयत्न १६३६ मध्ये संपुष्टात आला, तेव्हा त्र्यंबकसह हा गडही मोगलांकडे गेला. पुढे १६७० च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी या भागातील गड स्वराज्यात आणले. सुमारे ऐंशी अंशांच्या चढणीत कोरलेल्या त्याच्या पायऱ्यांना आधारासाठी दोन्ही बाजूंस खोबणी आहेत. १८१८ मध्ये गडांची पाहणी करणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जनेही या चढाच्या तीव्रतेची नोंद केली आहे. या पायऱ्या एका वेळी एकच माणूस चढेल किंवा उतरेल अशा बेताने खोदलेल्या आहेत. शत्रूची गर्दी होऊ नये, हाच त्यामागचा हेतू होता. आज त्याच पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकून पडतात, त्यामुळे पावसाळ्यात येथे वन विभागाला वेळोवेळी निर्बंध घालावे लागले आहेत. हरिहर पाहायचाच असेल, तर सुटीचा दिवस टाळावा.

जवळचा रामशेज

दूर जाणे शक्य नसेल, तर नाशिकपासून पंधरा किलोमीटरच्या आत, पेठ रस्त्यावर आशेवाडीजवळ रामशेज आहे. चढायला तासभरही पुरतो. उंचीने आणि आकाराने हा गड सामान्य. परंतु दख्खनमध्ये उतरलेल्या औरंगजेबाच्या सेनेला १६८२ पासून साडेपाच वर्षांच्या आसपास याच गडाने झुंजविले. शहाबुद्दीन खान, बहादूर खान असे नामांकित सरदार येथे हात टेकून गेले. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकडाच्या तोफा करून त्यांवर चामडे मढविले होते आणि त्यांतून गडकरी मारा करीत, असे मोगल इतिहासकार खाफी खान लिहितो. छत्रपती संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले व मानाजी मोरे यांना कुमक घेऊन पाठविले होते. अखेर गड पडला तो किल्लेदार फितल्यामुळे, असे सांगितले जाते. रामशेजहून परतताना म्हसरूळजवळील गजपंथ येथील जैन लेणी, म्हणजेच चांभार लेणी, पाहून दुपारपर्यंत घर गाठता येते.

चांदवड आणि इगतपुरी

आग्रा रस्त्यावरील चांदवडला यादवांच्या इतिहासात सिन्नरच्याही आधीचे स्थान आहे. दृढप्रहार या मूळपुरुषाचे चंद्रादित्यपूर म्हणजे चांदवड, असे मानतात. पुढे ते होळकरांकडे आले. अहिल्यादेवी होळकरांच्या स्मृती जपणारा रंगमहाल आणि महामार्गालगतचे रेणुकामातेचे मंदिर ही येथील मुख्य स्थळे. चांदवडला टांकसाळ होती आणि ‘चांदवडी रुपया’ दूरवर चालत असे. गावामागच्या डोंगररांगेतील इंद्राई किल्ल्यावर कातळ फोडून काढलेल्या पायऱ्यांच्या मार्गाजवळ फारसी शिलालेख आहे. १६३६ च्या मोहिमेत अलावर्दीखानाने जिंकलेल्या गडांची नोंद त्यात केलेली आहे. जिंकणाऱ्याने आपल्या विजयाची पावती डोंगरावरच कोरून ठेवावी, असे उदाहरण पाहण्यासाठी इंद्राई चढावा.

पश्चिमेकडे रेल्वेने पन्नास किलोमीटरवर इगतपुरी. थळ घाटाच्या माथ्यावरील हे गाव रेल्वेने वाढविले आणि घाट चढून आलेल्या गाड्यांमुळे भरभराटीस आणले. तेथून सात-आठ किलोमीटरवर त्रिंगलवाडीचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी ऋषभनाथांचे जैन लेणे असून तेथील लेखाचे वर्ष १३४४ आहे. देवगिरीचे यादव राज्य लयास जाऊन तोपर्यंत पाव शतक उलटले होते. सत्ता बदलली तरी घाटवाटेवर दान देणारे लोक टिकून होते, असे हा लेख सांगतो.

ऋतू आणि वेळ यांचा हिशेब

एकाच जिल्ह्यात पावसाचे दोन टोकांचे प्रकार आहेत, हे सहल ठरविताना विसरू नये. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर येवल्याकडे तो पाचशेच्या आसपास असतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या कातळकड्यांचा हट्ट सोडून अंकाई, चांदवड किंवा सिन्नर गाठावे. त्या दिवसांत तिकडे हिरवळ असते, पण वाटा सहसा निसरड्या होत नाहीत. हरिहर, त्रिंगलवाडी आणि अंजनेरी यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मार्चनंतर मात्र कोणत्याही गडावर सकाळी दहाच्या पुढे थांबू नये.

पहाटे निघून उन्हे तापण्यापूर्वी गड उतरावा, पायथ्याच्या गावात जेवण सांगून ठेवलेले असावे आणि उन्हाची वेळ मंदिरात, वाड्यात किंवा हातमागाच्या घरात घालवावी. परतीच्या गाडीची वेळ निघतानाच पाहून ठेवावी. आडगावांतील मुक्कामी एसटी दिवसातून एखाद-दुसरीच असते आणि ती चुकली, की पर्याय महाग पडतो. माणशी दोन-तीन लिटर पाणी जवळ असावे. गडावरील सर्वच टाक्यांचे पाणी पिण्यायोग्य असेल, असे गृहीत धरू नये.

पायऱ्या आणि टाकी

१८१८ मध्ये गड हाती आल्यावर इंग्रजांनी त्यांतील कित्येकांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडविल्या. पुन्हा कोणी गडाच्या आश्रयाने उठाव करू नये, हा त्यामागचा विचार. त्या तुटलेल्या वाटा आजही गिर्यारोहकांना दोर लावून चढाव्या लागतात. सुरुंगातून बचावलेल्या गडांचे पुढचे नुकसान मात्र हळूहळू आणि आपल्याच हातून होत आहे. टाक्यांत टाकलेल्या बाटल्या व पिशव्या, लेण्यांच्या भिंतींवर कोरलेली नावे आणि गवताला लागलेले वणवे यांना शत्रूची गरज लागत नाही. टाक्याचे पाणी नासले, की पहिला फटका बसतो तो उन्हाळ्यात तेथे गुरे घेऊन येणाऱ्या पायथ्याच्या लोकांना. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाची नासधूस करणाऱ्यास २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु प्रत्येक गडावर पहारेकरी ठेवणे कोणत्याही खात्याला शक्य नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांत नाशिक जिल्ह्यातील एकच किल्ला आहे. १६७२ च्या लढाईने गाजलेला, बागलाणातील साल्हेर. नाशिक रोडहून त्याचे अंतर पाहता एका दिवसात त्याला न्याय देता येत नाही, मुक्कामाचा बेत आखूनच तेथे जावे. त्या यादीत नसलेले पट्टा, अंकाई, इंद्राई, त्रिंगलवाडी हे गड मात्र सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात आहेत. तेथे गेलेल्या प्रवाशाने पायथ्याच्या घरी जेवण घेतले, गावातल्या माणसाला वाट दाखविण्यासाठी सोबत नेले, येवल्यातील मागावर किंवा सिन्नरच्या बाजारात चार पैसे खर्च केले, तर गड राखण्यात गावाचाही लाभ उरतो. पूर्वी गडाने पेठ सांभाळली. आता पेठेची मिळकत टिकली, तर ती गडाकडे लक्ष देऊ शकेल.